पाटीवर नाव कुणाचं?

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहितात, आठवतं ना? माहेरी वीस-बावीस वर्षं ज्या नावाने हाका ऐकल्या ते नाव त्या ताटात मागे पडतं आणि सासरच्यांनी ठरवलेलं नवं नाव नवरी लाजत वाचते. हल्ली पहिलं नाव बदलायची पद्धत कमी झालीय, पण मधलं नाव आणि आडनाव बहुतेकींचं बदलतंच. तेव्हा मैत्रिणींनो, नाव बदलणं म्हणजे काय असतं हे आपल्याइतकं कुणाला कळणार? म्हणून की काय, रेल्वे स्टेशनांच्या नामांतराची बातमी पेपरात आली की मी ती पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत वाचते. आज अशाच एका स्टेशनाविषयी लिहिणार आहे. हे स्टेशन जमिनीच्या पोटात आहे, मुंबई सेंट्रलच्या खाली. त्याचं नाव 'जगन्नाथ शंकरशेठ'.

उमरेडच्या बाईला मुंबईच्या भुयारी स्टेशनाचं काय एवढं, असं वाटेल. आपल्याकडे रेल्वे म्हणजे नागपूर-नागभीड छोटी गाडी. ती १९०८ साली सुरू झाली आणि रुंदीकरणासाठी २०१९च्या नोव्हेंबरात बंद केली. नागपूरला मेट्रो आली, पण तिच्यात बसून खालचं शहर बघायचं. तिला भुयार नाही. मुंबईत मात्र कफ परेड ते आरे अशी साडेतेहतीस किलोमीटरची तिसरी मेट्रो झाली. तिची २७ स्टेशनं, त्यातली २६ जमिनीखाली. शेवटचा टप्पा ९ ऑक्टोबर २०२५ला लोकांसाठी खुला झाला. आपलं हे स्टेशन त्याच टप्प्यातलं.

आपल्या भागातून मुंबईला जाणं होतं ते बहुधा दवाखान्यासाठी. आमच्या बचत गटातल्या एका मावशींना तपासणीसाठी नायर रुग्णालयात न्यायचं होतं, तेव्हा त्यांच्या सोबत मी गेले. सीएसएमटीला उतरलो, खालच्या मेट्रोत बसलो आणि काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड करत चौथ्या स्टेशनावर उतरलो. मावशी साठीच्या. चार-पाच वर्षांपूर्वी साक्षरतेच्या वर्गात त्या अक्षरं शिकल्या. तेव्हापासून दिसेल ती पाटी वाचायची सवय. त्यांनी बोट धरून वाचलं, "ज-ग-न्ना-थ." आणि मग मला विचारलं, "ताई, हे जगन्नाथपुरीचं देऊळ हाय का अठी?"

मला हसू आलं. पण सरकत्या जिन्यावर त्यांचा हात घट्ट धरून उभी राहिले तेव्हा वाटलं, मावशींचा प्रश्न बरोबरच आहे. नाव एवढं मोठं लिहिलंय, पण हा माणूस कोण हे किती जणींना माहीत असेल? आपल्यापैकी ज्या शाळेत संस्कृत शिकल्या त्यांनी 'जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती' हे शब्द ऐकले असतील. शालान्त परीक्षेत संस्कृतात सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याला ती मिळते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांना ती १९१२ साली मिळाली होती. पण त्या शिष्यवृत्तीमागचा माणूस आपल्याला कुणी सांगितला नाही.

तर जगन्नाथ शंकरशेठ म्हणजे नाना शंकरशेठ. जन्म १० फेब्रुवारी १८०३, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा. घराणं सधन, व्यापारी. वडिलांनी मिळवलेला पैसा नानांनी मुंबईच्या कामाला लावला. शाळा, वाचनालयं, बागा, सभा, कशातही हात घातला नाही असं नाही. १८५२ साली 'बॉम्बे असोसिएशन' ही मुंबईतली पहिली राजकीय संघटना निघाली, त्यातही ते पुढे होते. सतीच्या चालीविरुद्ध १८२९ साली कायदा झाला तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. नवऱ्याच्या चितेवर बाईला जाळू नये, हेसुद्धा तेव्हा ठासून सांगावं लागत होतं. आणि ते एका पंचविशीतल्या श्रीमंत तरुणाने सांगितलं.

मुलींच्या शाळेची गोष्ट तर आपल्या जास्तच जवळची. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली हे आपल्याला पाठ आहे. त्याच सुमारास मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची एक सभा मुलींसाठी शाळा काढायच्या मागे लागली. दादाभाई नौरोजी त्या मंडळींपैकी एक. मुलींना शिकवायचं म्हणजे घराघरातून विरोध होता. अशा वेळी नानांनी गिरगावातल्या आपल्या जागेत शाळेला आसरा दिला. मोठ्या घरातल्या प्रतिष्ठित माणसाने दार उघडलं की बाकीच्यांची भीड चेपते, हे आपण गावातही बघतो. पहिली एक पोरगी कॉलेजला गेली की पुढच्या वर्षी गल्लीतल्या चार जातात.

आता रेल्वे. १८४५ साली नाना आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पुढाकार घेऊन मुंबईत रेल्वेसाठी एक मंडळ उभं केलं. त्यातूनच पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पाया घातला गेला आणि हे दोघे त्या कंपनीचे भारतीय संचालक झाले. १६ एप्रिल १८५३च्या दुपारी बोरीबंदरहून ठाण्याला १४ डब्यांची गाडी निघाली. ३४ किलोमीटर अंतर, सुमारे ४०० पाहुणे, तीन इंजिनं. तीच कंपनी पुढे १८६७ साली नागपूरपर्यंत रूळ घेऊन आली. म्हणजे आपण नागपूरहून रात्रीच्या गाडीने मुंबईला जातो, त्या वाटेची सुरुवात या माणसाच्या खटपटीत आहे.

नाना १८६५ साली ३१ जुलैला वारले. त्यांचं नाव एखाद्या स्टेशनाला मिळायला १६० वर्षं लागली. तेही वरच्या स्टेशनाला नाही, खालच्या.

हे वरचं-खालचं नीट समजून घेण्यासारखं आहे. वरचं मुंबई सेंट्रल १८ डिसेंबर १९३० रोजी सुरू झालं. त्याआधी या मार्गाच्या लांबच्या गाड्या कुलाब्यापर्यंत जात, तो शेवटचा भाग बंद झाल्यामुळे हे नवं स्टेशन बांधलं. शेजारच्या लोकलच्या स्टेशनाचं नाव होतं 'बेलासिस रोड', एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या नावावरून. तेही मग 'बॉम्बे सेंट्रल' झालं आणि बॉम्बेचं मुंबई झाल्यावर 'मुंबई सेंट्रल'. गंमत म्हणजे पाटी बदलली तरी तिकिटावरची बीसीटी ही जुनी अक्षरं कितीतरी वर्षं तशीच राहिली. लग्नानंतर वीस वर्षं बँकेच्या पासबुकावर माहेरचं नाव राहतं तसंच म्हणा ना.

मुंबई सेंट्रलला नानांचं नाव द्या, ही मागणी जुनी. १३ मार्च २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या आठ स्टेशनांची नावं बदलायला मान्यता दिली, त्यात हे एक होतं. जुलैमध्ये विधिमंडळात ठराव झाला. पण रेल्वे केंद्र सरकारची. तिथे राज्याचा ठराव आधी केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो. मग रेल्वे, टपाल खातं, भारतीय सर्वेक्षण विभाग यांची 'हरकत नाही' लागते. ते झालं की राजपत्र, मग पाटी, मग तिकिटावरची अक्षरं. खालच्या मेट्रोच्या नव्या पाटीला एवढा लांबचा प्रवास नव्हता. आराखड्यात 'मुंबई सेंट्रल मेट्रो' असलेलं स्टेशन प्रवाशांसाठी उघडलं तेच 'जगन्नाथ शंकरशेठ' म्हणून. वर मात्र तेव्हाही मुंबई सेंट्रलच होतं. एका जागी दोन मजले आणि दोन नावं!

यातली एक गोष्ट मला फार आवडली. नानांच्या नावाचा 'नाना चौक' आहे तो ग्रँट रोड स्टेशनाला लागून. ग्रँट हे एका इंग्रज गव्हर्नरचं नाव. मेट्रोचं तिथलं स्टेशन आजही 'ग्रँट रोड' आणि नाना मात्र पुढच्या स्टेशनावर. लोकांच्या जिभेवर बसलेलं नाव सहसा हलत नाही, हेच खरं. व्हिक्टोरिया टर्मिनसचं १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ साली त्यात 'महाराज' आलं. तरी टॅक्सीवाला अजून 'व्हीटी का?' असंच विचारतो.

मी नामांतराच्या विरोधात आहे असं समजू नका. ज्याने रेल्वे आणली त्याचं नाव स्टेशनाला नको तर कुणाचं? माझं म्हणणं एवढंच की जुनं नाव पुसण्याआधी ते काय सांगतंय हे एकदा विचारून घ्यावं. त्या आठच्या यादीत 'चर्नी रोड'चं गिरगाव होणार आहे. चर्नी ऐकायला इंग्रजी वाटतं, पण ते आपल्या 'चरणे'वरून आलं असं सांगतात. तिथे गुरं चरायची. इंग्रजांनी चराईवर कर बसवला तेव्हा जमशेटजींनी कुरण विकत घेऊन गुरांना मोकळं केलं, अशी कथा आहे. म्हणजे इंग्रजी समजून जे पुसायला निघालो तो मराठी गुराख्याचा शब्द निघाला! दुसरं 'कॉटन ग्रीन', त्याचं काळाचौकी होणार. नाव इंग्रजी खरं, पण ते कापसाच्या बाजाराचं आहे. आणि मुंबईच्या बाजारात कापूस कुठून जात होता? आपल्या वऱ्हाडातून. कापूस वेचणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच स्टेशनावर नाही. तिच्या कष्टाची एवढी एकच खूण त्या पाटीवर होती.

बाईच्या नावाचा विषय निघालाच आहे, तर त्या मेट्रोची सगळी नावं मी परतीच्या प्रवासात नकाशावर मोजली. तीन नावं सापडली. काळबादेवी, महालक्ष्मी आणि शीतलादेवी. तिन्ही देवी. पुरुषांमध्ये देव आहे, छत्रपती आहेत, आचार्य अत्रे आहेत, नाना आहेत. हाडामांसाची बाई एकही नाही. हुतात्मा चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गेलेल्यांची आठवण आहे, पण तेही नाव सगळ्यांचं मिळून.

मग वाटलं, आपल्या नागपूरच्या मेट्रोत तरी बघू. तिथे 'झाशी राणी चौक' आहे. बरं वाटलं. पण क्षणभरच. मुलगी जन्मली तेव्हा मनकर्णिका होती, लग्नात लक्ष्मीबाई झाली आणि पाटीवर उरली फक्त झाशीची राणी. गाव आलं, पद आलं, तिचं स्वतःचं एकही नाव आलं नाही.

मुंबईच्या मेट्रोत बायकांची नावं अजिबात वापरली नाहीत असं मात्र नाही. भुयार खोदायला १७ अजस्र यंत्रं आणली होती. त्यांना महाराष्ट्रातल्या नद्यांची नावं दिली. गोदावरी, कृष्णा, वैतरणा, तानसा, सूर्या आणि चक्क आपली वैनगंगा! दगड फोडायला, अंधारात माती उपसायला गोदावरी आणि वैनगंगा. भुयार झाल्यावर यंत्रं निघून गेली आणि पाट्यांवर दुसरी नावं लागली. घरातल्या समारंभात पहाटेपासून पोळ्या लाटणारी कोण आणि आमंत्रण-पत्रिकेवर नाव कुणाचं, हे ज्यांनी बघितलंय त्यांना मी आणखी काय सांगू?

स्टेशनाजवळच्या ज्या रुग्णालयात आम्ही गेलो त्याच्या नावातही अशीच एक बाई लपलेली आहे. सगळे नुसतं 'नायर' म्हणतात. नाव लिहितात बी. वाय. एल. नायर. ही तीन अक्षरं म्हणजे बाई यमुनाबाई लक्ष्मण. डॉक्टर आनंदराव नायर यांनी आपल्या आईच्या नावाने दिलेली ही देणगी. लेकाने आईचं नाव मोठ्या प्रेमाने पाटीवर लावलं आणि आपण सगळ्यांनी मिळून त्याची तीन इंग्रजी अक्षरं करून टाकली. मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माय म्हणून नाव देल्लं, मंग पुरं लिवाले काय झालं?"

पुरं लिहिता येतं. पॅरिसच्या भुयारी मेट्रोचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. तिथे १९४६ साली एक स्टेशन सुरू झालं, नाव 'पिएर क्युरी'. मोठे शास्त्रज्ञ, नोबेल विजेते. पण त्यांच्या पत्नी मेरी क्युरी यांना नोबेल दोनदा मिळालं, १९०३ आणि १९११ साली. तरी साठ वर्षं पाटीवर नवराच एकटा होता. ८ मार्च २००७ला, महिला दिनी, ती पाटी बदलून 'पिएर आणि मेरी क्युरी' केली. कुणाचं नाव काढावं लागलं नाही. फक्त एक नाव जोडलं.

जोडण्याची अशी एक गोष्ट आपल्याकडेही घडली आहे. ज्या मार्च २०२४मध्ये आठ स्टेशनांचा निर्णय झाला, त्याच महिन्यात राज्य सरकारने आणखी एक निर्णय घेतला. १ मे २०२४पासून जन्मलेल्या बाळाचं नाव कागदोपत्री लिहिताना आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठेवायचा. स्टेशनांच्या बातमीवर जेवढी चर्चा झाली तेवढी यावर झाली नाही. पण आपल्या दृष्टीने मोठी बातमी हीच होती.

नानांचंच नाव घ्या. 'जगन्नाथ शंकरशेठ' यात शंकरशेठ हे वडील. घराण्याचं आडनाव मुरकुटे, ते पाटीवर नाही. आईचं नाव भवानीबाई. नाना चौकाजवळ त्यांच्या कुटुंबाचं देऊळ आहे, भवानी-शंकर मंदिर. देवळाच्या नावात भवानी आधी आणि शंकर नंतर. पाटीवर मात्र शंकर उरले. आजच्या नियमाने नानांचं नाव लिहायचं तर 'जगन्नाथ भवानीबाई शंकरशेठ मुरकुटे' असं होईल. म्हणून बघा एकदा मोठ्याने. वाचताना कुठे अडखळायला होतं का?

हे नुसते शब्दांचे खेळ नाहीत हे मला रोजच्या कामात दिसतं. २०२४च्या जुलैमध्ये लाडक्या बहिणीचे अर्ज भरायची गर्दी झाली, तेव्हा आम्ही गटातल्या बायका दिवसदिवस अर्ज लिहीत बसायचो. महिन्याला दीड हजार रुपये म्हणजे कितीजणींच्या घरचं तेल-मीठ. आणि अडायचं कुठे, तर नावात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकावर तिसरंच. एका बाईला एका कार्यालयातून तीन वेळा परत पाठवलं. ती मला म्हणाली, "ताई, माहं खरं नाव कोनतं, हे तुमीच लिवून द्या." चाळीस वर्षांच्या बाईने स्वतःचं नाव दुसरीला विचारावं, याच्यासारखं दुःख नाही. स्टेशनाचं नाव बदलायचं तर तीन खात्यांची संमती लागते. तिचं नाव बदलताना तिची एकटीची संमती कुणी घेतली होती?

तेव्हा मैत्रिणींनो, मुंबईच्या पाट्या आपल्या हातात नाहीत, पण काही पाट्या आहेत. घरात बाळ आलं की जन्मनोंद करायला पुरुषमंडळींसोबत स्वतः जा आणि आईचं नाव नीट लिहिलंय ना ते वाचून मगच सही करा. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही, हे मुलीला आधी विचारा, आणि बदललंच तर राजपत्र, आधार, पासबुक सगळीकडे एकाच वर्षात एकसारखं करून घ्या. शेत असेल तर सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, त्यासाठी १९९२पासून लक्ष्मीमुक्ती योजना आहे. तलाठ्याकडे जाऊन विचारा. नगरपालिकेत नवा रस्ता, बगीचा, सभागृह यांना नाव द्यायचं ठरेल तेव्हा आपल्या गावात शाळा चालवून गेलेल्या, बाळंतपणं करून गेलेल्या एखाद्या बाईचं नाव सुचवा. पूर्ण नाव सुचवा, नुसती आद्याक्षरं नकोत.

आणि येत्या बचत गटाच्या बैठकीत हजेरी घेताना प्रत्येकीने आपल्या नावापुढे आईचं नाव म्हणावं, असं आम्ही ठरवलंय. तुमच्या गटातही करून बघा.